शोधनिबंध कुणी वाचला, कुणी बोललं, कसं कळायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करतो. पीजीचे विद्यार्थी, त्यांचे गाईड, कधी बाहेरून येणारे जनरल प्रॅक्टिशनर, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकानं तेच असतात. निबंध तर छापून आला, आता तो कुणी पाहिला? त्या रंगीत कड्यातला आकडा म्हणजे काय? काउंटरवर उभ्या उभ्या उत्तर देताना निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

माझ्या निबंधाच्या पानावर एक रंगीत कडं दिसतं, मध्ये १४ लिहिलंय. हे काय आहे?

हा ऑल्टमेट्रिक स्कोअर. ऑल्टमेट्रिक ही लंडनची कंपनी, २०११ मध्ये यूअन एडी यांनी सुरू केलेली. आपल्या निबंधाचा उल्लेख बातम्या, ब्लॉग, सरकारी धोरणांची कागदपत्रं, विकिपीडिया, ट्विटर (आताचं एक्स), फेसबुकची सार्वजनिक पानं अशा ठिकाणी कुठं झाला हे ती शोधत राहते. कड्यातला लाल रंग बातम्यांचा, पिवळा ब्लॉगचा, जांभळा धोरणांच्या कागदपत्रांचा. ज्या रंगाचा पट्टा मोठा, तिथले उल्लेख जास्त.

१४ म्हणजे १४ माणसं नव्हेत, हे आधी लक्षात घ्या. प्रत्येक जागेला वेगळं वजन आहे. बातमीला साधारण ८, ब्लॉगला ५, विकिपीडियाला ३, धोरणाच्या कागदाला ३, फेसबुकच्या पोस्टला पाव. एक बातमी, विकिपीडियावरचा एक उल्लेख आणि धोरणाचा एक कागद एवढ्यातच १४ भरतात. ५६ फेसबुक पानांनी तुमचा निबंध टाकला तरीही १४च. आकडा एकच, पण पहिल्या निबंधाची गोष्ट वेगळी आणि दुसऱ्याची वेगळी. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, कड्यावर क्लिक करा, आतलं पान उघडा आणि एकेक उल्लेख वाचा. मधला आकडा फक्त आत जायचं दार आहे.

स्कोअर जास्त म्हणजे निबंध चांगला ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पावसाळ्यात आपण सगळे आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं ते विचारतो. ४० फूट झालं की इशारा, ४५ झालं की धोका. ते फूट कृष्णा किती चढली एवढंच सांगतात. पाणी स्वच्छ आहे का गढूळ, पिण्याजोगं आहे का नाही, हे त्या खुणांवरून कुणी ठरवत नाही. स्कोअरचंही तसंच. निबंधाभोवती किती गलका झाला ते तो सांगतो.

गलका चुकीच्या कारणानंही होतो. २२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध आणि कोविड यांवर एक निबंध आला. ६७१ रुग्णालयांतल्या ९६ हजारांहून जास्त रुग्णांची माहिती त्यात असल्याचं म्हटलं होतं. जगभर बातम्या झाल्या, चालू चाचण्या थांबवल्या गेल्या. मग मूळ माहितीच कुणाला तपासायला मिळेना, आणि दोन आठवड्यांच्या आत निबंध मागे घेतला गेला. त्या दिवसांत त्याच्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी हजारो प्रामाणिक निबंधांवर मिळून होत नाही. गोवराच्या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८चा निबंधही असाच. अवघ्या १२ मुलांवरचा, २०१० मध्ये मागे घेतलेला, आणि आजही ज्याचा उल्लेख थांबत नाही. यातले कितीतरी उल्लेख ‘हे चूक आहे’ असं सांगणारे आहेत. स्कोअर मात्र शिवी आणि शाबासकी एकाच मापानं मोजतो.

कधी लेखकाच्या नावानंच लक्ष जातं. २०१६ मध्ये ऑल्टमेट्रिकच्या वर्षभराच्या यादीत पहिला आलेला लेख ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातला होता, अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेतल्या सुधारणांवरचा. लेखक होते बराक ओबामा, तेव्हा पदावर असलेले राष्ट्राध्यक्ष.

मग हा आकडा बघायचाच कशाला?

कारण दुसरा कुठलाही आकडा इतक्या लवकर हाती येत नाही. वैद्यकशास्त्रात सायटेशन, म्हणजे दुसऱ्या निबंधानं संदर्भ म्हणून तुमच्या निबंधाचं नाव देणं, यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. दुसऱ्यानं तुमचा निबंध वाचायचा, स्वतःचं काम करायचं, लिहायचं, ते छापून यायचं. तोवर पीजीचा विद्यार्थी पास होऊन गावी दवाखानाही थाटतो. बातमी, ब्लॉग, ट्वीट हे पहिल्या आठवड्यातच दिसतं.

शिवाय सायटेशन फक्त निबंध लिहिणाऱ्यांकडून येतं. जो डॉक्टर दिवसाला ऐंशी पेशंट तपासतो आणि तुमच्या निबंधामुळे औषधाचा डोस बदलतो, तो कधीच कुणाला साइट करणार नाही. परिचारिका, आशाताई, आरोग्य खात्यात धोरण आखणारे अधिकारी, रुग्णाचे नातेवाईक, यांतलं कुणीच सायटेशनच्या मोजणीत येत नाही. जेसन प्रीम आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ऑल्टमेट्रिक्सचा जाहीरनामा लिहिला तो याच भावनेनं, की विद्वानांचं वाचन आणि बोलणं आता जालावर, म्हणजे इंटरनेटवर होतं, तर त्याची खूण तिथं शोधावी.

मला स्वतःला सगळ्यात मोलाचा वाटतो तो जांभळा पट्टा. एखाद्या मार्गदर्शक सूचनेच्या कागदात तुमचा निबंध आला, तर त्याचा परिणाम हजारो केसपेपरांवर होऊ शकतो. असा एक उल्लेख दिसला की मी विद्यार्थ्याला चहा पाजतो.

इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स आणि हा स्कोअर, फरक काय?

इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा असतो, तुमच्या निबंधाचा नव्हे. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. यूजीन गारफील्ड यांची ही कल्पना मुळात ग्रंथपालांना कुठली नियतकालिकं घ्यावीत हे ठरवायला उपयोगी पडली, आणि मग माणसं मोजायला वापरली जाऊ लागली. एच-इंडेक्स माणसाचा, तो २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं मांडला. तुमच्या १० निबंधांना प्रत्येकी किमान १० सायटेशन असतील तर तुमचा एच-इंडेक्स १०. ऑल्टमेट्रिक स्कोअर एकेका निबंधाचा. तिघांची मापं वेगळी आहेत, त्यांची बेरीज करू नका.

जर्नलच्या पानावर ‘३,२०० व्ह्यूज’ दिसतात. एवढे लोक वाचतात?

तीन हजार वेळा पान उघडलं गेलं, इतकंच त्यातून कळतं. त्यात तुम्ही स्वतः आहात, तुमचे सहलेखक आहेत, आणि मोजणी नीट नसेल तर जालावर आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, म्हणजे बॉटही आहेत.

ही मोजणी शिस्तीत व्हावी म्हणून ‘काउंटर’ नावाची नियमावली आहे. मोठे प्रकाशक ती पाळतात. एकाच माणसानं तीस सेकंदांच्या आत दोनदा क्लिक केलं तर एकदाच धरायचं, शोधयंत्रांचे बॉट वगळायचे, आणि ‘युनिक’ आकड्यात एका बैठकीत कुणी आधी वेबपान उघडलं व मग पीडीएफ उतरवली तरी ते एकच समजायचं, असे तिचे नियम आहेत. म्हणून आकडा पाहताना तो काउंटरच्या नियमानं आहे का, गोषवाऱ्याचा आहे का पूर्ण लेखाचा, हे बघा. गोषवारा उघडणारे पुष्कळ असतात, पूर्ण लेखापर्यंत जाणारे त्यातले थोडे.

लेख पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या मोफत संग्रहातही असेल तर तिथली मोजणी वेगळी होते. प्रकाशकाच्या पानावरचा आकडा हा पूर्ण आकडा नाही.

रिसर्चगेट या संशोधकांच्या समाजमाध्यमावरच्या ‘रीड्स’बद्दल बरेच जण विचारतात. तिथं नुसतं शीर्षक आणि गोषवारा असलेलं पान उघडलं तरी ‘रीड’ धरतात. म्हणून त्यांच्याच ‘रिसर्च इंटरेस्ट’ मोजणीत साध्या रीडला ०.०५, पूर्ण लेख उघडण्याला ०.१५ आणि सायटेशनला ०.५ असं वजन आहे. ‘तुमचा लेख या आठवड्यात सर्वाधिक वाचला गेला’ अशी ईमेल आली की आनंद होतो, तो घ्या. पण ती पोस्टरवर छापू नका.

मेंडेलीवर ४० ‘रीडर्स’ आहेत. हे खरे वाचक?

मेंडेली म्हणजे संदर्भ साठवून ठेवायचं सॉफ्टवेअर. हे ४० जण म्हणजे ज्यांनी निबंध आपल्या मेंडेली संग्रहात ठेवला. घरी आणून ठेवलेलं प्रत्येक पुस्तक कुणी वाचतंच असं नाही, तसंच हे. तरीही मी या आकड्याला बऱ्यापैकी किंमत देतो, कारण पुढे लिहिताना लागेल म्हणूनच माणूस निबंध जपून ठेवतो. नंतरच्या सायटेशनशी ट्वीटपेक्षा याच आकड्याचा मेळ जास्त बसतो. वाचक कोणत्या देशातले, पीएचडीचे विद्यार्थी का प्राध्यापक, कुठल्या शाखेतले, हेही तिथं थोडंफार दिसतं. ऑल्टमेट्रिकच्या पानावर मेंडेलीचा आकडा दाखवतात, पण स्कोअरमध्ये धरत नाहीत.

प्लमएक्स हे वेगळं काय आहे?

ऑल्टमेट्रिकसारखीच मोजणी, दुसऱ्या दुकानातली. २०१७ पासून एल्सव्हिअर या प्रकाशकाकडे आहे, म्हणून त्यांच्या स्कोपस या निबंधसूचीत दिसतं. वापर, साठवण, उल्लेख, समाजमाध्यमं आणि सायटेशन असे पाच भाग करून दाखवतात, सगळ्याचा मिळून एक आकडा काढत नाहीत. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

माझा स्कोअर शून्य आहे. माझं काही चुकलं का?

बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. जगातल्या निबंधांतल्या फार मोठ्या भागाला एकही उल्लेख मिळत नाही. पण काही वेळा उल्लेख झालेला असतो आणि यंत्राला तो दिसत नाही. आपल्या भागात हे सारखं घडतं, म्हणून त्याची कारणं समजून घ्या.

यंत्र शोधतं ती ओळखखूण. डीओआय, म्हणजे दहा आणि टिंब यांनी सुरू होणारा निबंधाचा कायमचा क्रमांक, किंवा पबमेडचा क्रमांक, किंवा प्रकाशकाच्या पानाचा दुवा. यांपैकी काही नसेल तर बातमीच्या मजकुरातून लेखकाचं नाव, नियतकालिकाचं नाव आणि काळ जुळवून ओळख पटवावी लागते. आता आपल्याकडची बातमी आठवून बघा. ‘मिरजेच्या डॉक्टरांचं संशोधन आंतरराष्ट्रीय पातळीवर’, खाली डॉक्टरांचा सत्काराचा फोटो, शाल, श्रीफळ, मजकुरात ‘एका नामांकित विदेशी नियतकालिकात’. नियतकालिकाचं नाव नाही, दुवा नाही, निबंधाचं शीर्षक नाही. सांगलीतल्या निम्म्या घरांत ती बातमी वाचली जाते, आणि कड्यात लाल रंग उमटत नाही.

एका विद्यार्थिनीच्या बाबतीत मी हे जवळून पाहिलं. तिच्या वडिलांनी बातमीचं कात्रण लॅमिनेट करून घेतलं होतं. तिनं विचारलं, सर, एवढी मोठी बातमी आली तरी स्कोअर शून्यच कसा? मी बातमी पाहिली. दुवा सोडाच, निबंधाचा विषयसुद्धा चुकीचा लिहिला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, पत्रकाराला फोनवर माहिती देऊ नका. अर्ध्या पानाचं टिपण लिहून द्या. त्यात निबंधाचं पूर्ण शीर्षक, नियतकालिकाचं नाव, डीओआय आणि साध्या मराठीत चार वाक्यं असू द्या. वेब आवृत्तीत दुवा टाकायची विनंती करा. बातमीही बिनचूक येते.

दुसरं कारण, नियतकालिकानं डीओआय दिलेलाच नसतो, किंवा दिलेला असतो पण नोंदणी झालेली नसते. डीओआय दुव्यात टाकून बघा. पान उघडत नसेल तर संपादकांना लिहा. तुम्ही पैसे भरले आहेत, तो तुमचा हक्क आहे.

कड्याच्या जागी राखाडी प्रश्नचिन्ह दिसत असेल तर त्याचा अर्थ अजून कुठलाच उल्लेख सापडलेला नाही.

व्हॉट्सॲपवर माझा निबंध कितीतरी डॉक्टरांच्या ग्रुपमध्ये फिरला. ते कुठं मोजतात?

कुठंच नाही. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, खासगी फेसबुक ग्रुप, आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) शाखेत झालेलं व्याख्यान, सीएमईमध्ये (डॉक्टरांच्या प्रशिक्षण-सत्रात) दाखवलेली स्लाइड, ओपीडीत एका डॉक्टरनं दुसऱ्याला सांगितलेलं, यातलं काहीही मोजणीत येत नाही. लिंक्डइनची माहितीही २०१४ पासून मिळत नाही. आपल्याकडे वैद्यकीय माहिती खरी फिरते ती याच वाटांनी. म्हणून इंग्लंडमधल्या एका निबंधाच्या ६० शी सांगलीतल्या निबंधाच्या ३ ची तुलना करणं मला अन्यायाचं वाटतं. तिथले डॉक्टर ट्विटरवर बोलतात, आपले ग्रुपवर.

एक सोपी गोष्ट करता येते. ग्रुपवर पीडीएफ टाकण्याऐवजी डीओआयचा दुवा टाका. पीडीएफ हातोहात फिरते आणि मागे काहीच ठेवत नाही. दुवा उघडला की निदान प्रकाशकाच्या पानावर वाचन मोजलं जातं. निबंध सर्वांना खुला नसेल तर दुव्याबरोबर ‘पूर्ण प्रत हवी असल्यास मला कळवा’ एवढं लिहा.

स्कोअर कालपेक्षा कमी कसा झाला?

कुणीतरी पोस्ट काढून टाकली असेल. होतं असं.

ट्विटरवर टाकलं तर सायटेशन वाढतात का?

यावर खरोखरच्या चाचण्या झाल्या आहेत, आणि उत्तर सरळ नाही.

२०११ मध्ये गुंथर आयझेनबाख यांनी ‘जर्नल ऑफ मेडिकल इंटरनेट रिसर्च’मधल्या लेखांवरून दाखवलं की पहिल्या काही दिवसांत खूप ट्वीट झालेले लेख पुढे खूप साइट होण्याची शक्यता ११ पट होती. हे फार गाजलं. पण एका नियतकालिकापुरतं होतं, आणि चांगला लेख ट्वीटही होतो आणि साइटही होतो, म्हणजे ट्वीटमुळे सायटेशन आलं असं त्यातून ठरत नाही. ओपीडीत आपण विद्यार्थ्यांना सहसंबंध आणि कारण यांतला फरक शिकवतो, तोच इथंही लावायचा.

मग ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगाच्या नियतकालिकानं रँडमाइज्ड चाचणी केली. २४३ लेख, त्यांतले निम्मे चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे निवडून नियतकालिकाच्या फेसबुक-ट्विटरवर टाकले, निम्मे टाकले नाहीत. २०१५ मध्ये निकाल आला. तीस दिवसांत पान उघडल्याची मध्यमा ४०९ विरुद्ध ३९२, म्हणजे फरक नाहीच. उलट छातीच्या शस्त्रक्रियेवरच्या दोन नियतकालिकांतले ११२ लेख घेऊन केलेल्या अशाच चाचणीत, पन्नास हजारांहून जास्त अनुयायी असलेल्या सर्जनांच्या गटानं ट्वीट केलेल्या लेखांना वर्षाअखेर सरासरी ३.१ सायटेशन मिळाली, बाकीच्यांना ०.७.

माझा अर्थ असा. नियतकालिकाच्या खात्यानं कोरडेपणानं टाकलेला दुवा कुणी उघडत नाही. त्याच विषयातल्या माणसांनी एकमेकांना ‘हे वाच’ म्हणून सांगितलं तर वाचतात. शंभर अनोळखी लोकांना टॅग करण्यापेक्षा तुमच्या विषयातल्या पाच जणांना दुवा आणि दोन ओळींचं पत्र पाठवा.

हळदीवरच्या निबंधांना एवढं लक्ष कसं मिळतं? आमच्या विभागात त्यावर काम करायचा विचार आहे.

सांगलीत हा प्रश्न येणारच. आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाजार समितीत हळदीचे सौदे होतात आणि घरोघरी हळद औषध म्हणून वापरतात. ‘हळदीनं अमुक बरं होतं’ अशी बातमी लोक आवडीनं पुढे पाठवतात, आणि पूरक औषधं विकणाऱ्या कंपन्या तर पाठवतातच.

पण जानेवारी २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त कर्क्युमिनवर, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकावर, एक मोठा आढावा आला. तो म्हणतो की कर्क्युमिन अस्थिर आहे, शरीरात फारसं शोषलं जात नाही, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना फसवतं, आणि माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्या होऊनही दुहेरी अंध पद्धतीनं (कुणाला खरं औषध मिळालं हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक नसताना) यशस्वी ठरलेली एकही दाखवता येत नाही. त्या आढाव्यावरही जगभर बातम्या झाल्या. दोन्ही बाजूंच्या निबंधांचे स्कोअर मोठे आहेत. तेव्हा विषय निवडताना स्कोअर बघू नका. काम अवश्य करा, या गावाइतका हळदीशी जवळचा संबंध कुणाचा असेल? पण नमुना किती घ्यायचा हे आधी बायोस्टॅटिस्टिक्सच्या सरांना विचारा, आणि चाचणी सुरू करण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवा.

प्रमोशनच्या फायलीला हा स्कोअर लावला तर चालेल?

लावायला हरकत नाही, पण त्यावर गुण मिळत नाहीत. तिथं निबंधांची संख्या, लेखकांतलं तुमचं स्थान आणि नियतकालिक कोणत्या सूचीत आहे हे बघतात. चालू नियम आस्थापना विभागातून लेखी घ्या, दरवेळी बदल असतो.

संशोधन-प्रकल्पासाठी निधी मागताना मात्र उपयोग होतो. ‘स्कोअर २२’ असं नुसतं लिहू नका. ‘या निबंधाचा उल्लेख अमुक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनेत झाला’ असं लिहा. सॅन फ्रान्सिस्कोचा ‘डोरा’ जाहीरनामा २०१३ मध्ये आला तो हेच सांगण्यासाठी, की संशोधकाची पारख नियतकालिकाच्या आकड्यावर करू नका, कामावर करा. ऑल्टमेट्रिकलाही तोच नियम लावावा.

‘पाच हजारांत तुमचा स्कोअर वाढवून देतो’ अशी ईमेल आली आहे.

काढून टाका. खोटी खाती ट्वीट करतात, एकाच मजकुराचे वीस ब्लॉग उघडतात. ऑल्टमेट्रिकच्या आतल्या पानावर प्रत्येक उल्लेख उघडा असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं. तुमचं नाव कायमचं त्याला चिकटतं.

‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ अशी भारदस्त नावं लावलेले इम्पॅक्ट फॅक्टर विकणाऱ्यांचंही तेच. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनीच्या वार्षिक अहवालातच असतो. फॉर्मला पैसे भरण्याआधी ग्रंथालयात या. मी तपासून देतो, त्याला फी नाही. गेल्या काही वर्षांत या खड्ड्यात पडलेली मुलं मी पाहिली आहेत. स्टायपेंडचे पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण निबंध अडकतो आणि दुसरीकडे पाठवता येत नाही, ते जास्त वाईट.

माझ्या गाईडचा १९९०च्या आसपासचा गाजलेला निबंध आहे, त्याचा स्कोअर ३! हे कसं?

मोजणी सुरूच झाली २०११ नंतर. त्याआधीचे उल्लेख बहुतेक पकडलेच गेले नाहीत.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या राज्यातलं आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांचा विंचूदंशावरचा निबंध ‘द लॅन्सेट’मध्ये १९८२ मध्ये आला. तेव्हा कुठलं ट्विटर आणि कुठलं कडं. पुढे त्यांनी प्राझोसिन या साध्या गोळीनं विंचू चावलेले रुग्ण वाचवता येतात हे दाखवलं, आणि कोकणातल्या आरोग्य केंद्रांपासून देशाबाहेरपर्यंत ती गोळी पोचली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सातारा-सांगलीच्या डोंगराळ वाड्यांवर विंचू चावलेल्या मुलाला ती गोळी देणाऱ्या डॉक्टरांपैकी किती जणांनी मूळ निबंध उघडला असेल? त्या निबंधाचं वाचन त्या गोळीतून झालं आहे.

म्हणून तुलना करायची तर एकाच वयाच्या निबंधांची करा. ऑल्टमेट्रिकच्या आतल्या पानावर तशी सोय आहे. तुमच्या निबंधाच्या आगेमागे सहा आठवड्यांत आलेल्या निबंधांत तो कितव्या शतमकावर आहे, आणि त्याच नियतकालिकातल्या लेखांत कुठं आहे, ते दिसतं. मधल्या आकड्यापेक्षा ही ओळ वाचा.

प्रीप्रिंट टाकलं होतं. त्याचे उल्लेख निबंधाला मिळतील का?

प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधी जालावर टाकलेला मसुदा. मेडआर्काइव्ह या संकेतस्थळावरच्या प्रीप्रिंटचा डीओआय वेगळा, छापील निबंधाचा वेगळा. त्यामुळे लक्षही दोन ठिकाणी विभागतं. निबंध छापून आला की प्रीप्रिंटच्या पानावर त्याचा दुवा आला आहे का बघा, आणि तिथून पुढे फक्त छापील निबंधाचाच दुवा द्या.

केस रिपोर्टमधला रुग्णाचा फोटो फेसबुकवर टाकला तर लक्ष जास्त जाईल का?

जाईल, आणि म्हणूनच टाकू नका. रुग्णानं संमती दिली ती नियतकालिकासाठी, गावभर फिरण्यासाठी नव्हे. सांगली-मिरज केवढंसं आहे! डोळ्यांवर काळी पट्टी असली तरी हातातल्या कड्यावरून, गोंदणावरून माणूस ओळखतात. फक्त दुवा द्या.

हे सगळं बघायला पैसे लागतात का? कसं बघू?

वैयक्तिक पाहण्याला लागत नाहीत. ऑल्टमेट्रिकचं एक बुकमार्क-बटण मोफत मिळतं. ते ब्राउझरच्या पट्टीवर ओढून ठेवायचं, निबंधाचं पान उघडायचं आणि बटण दाबायचं. डायमेन्शन्स या निबंध शोधायच्या संकेतस्थळाच्या मोफत आवृत्तीत निबंध शोधला तर सायटेशन आणि कडं दोन्ही दिसतात. गूगल स्कॉलरवर प्रोफाइल करा, ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांक घ्या. आपल्याकडे पाटील आणि कुलकर्णी इतके आहेत की क्रमांकाशिवाय एकाचे निबंध दुसऱ्याच्या नावावर जातात.

महिन्यातून एकदा बघा. रोज बघू नका, अभ्यास होत नाही.

मराठीत सारांश लिहिला तर त्याचा काही उपयोग?

स्कोअरला फारसा नाही, माणसांना खूप. दीडशे शब्दांत काय शोधलं, किती रुग्णांवर, कुणाला लागू पडतं आणि कुणाला पडत नाही, एवढं लिहा. शेवटी डीओआय. ‘क्रांतिकारी’ शब्द नको. लिहून झालं की रुग्णाच्या एखाद्या नातेवाइकाला वाचायला द्या, तो कुठं अडतो ते बघा आणि तेवढं बदला.

मग माझ्या निबंधाचे खरे वाचक मोजायचे कसे?

एक वही करा. आम्ही ग्रंथालयात अशी एक ठेवली आहे. निबंधाची प्रत कुणी मागितली, कुठून, कशासाठी, तारीख. लेखकांनाही मी सांगतो, तुम्हाला ईमेल आली, फोन आला, कुणी सीएमईत भेटून प्रश्न विचारला, तर येऊन दोन ओळी लिहून जा.

तिच्यातली एक नोंद जतच्या बाजूच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातली आहे. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आमच्या एका पीजीच्या निबंधाची प्रत मागितली होती, ड्यूटी रूममध्ये लावायला त्यातला एक तक्ता हवा होता म्हणून. त्या निबंधाच्या पानावर आजही राखाडी प्रश्नचिन्ह आहे. ज्याचा निबंध होता तो मुलगा आता दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला आहे. नोंद वाचून दाखवायला मी त्याला फोन केला, तर त्यानं तक्त्यात एक दुरुस्ती करून नवी प्रत पाठवली. ती मॅडमना पोस्टानं गेली, पोचल्याचा निरोप आला, आणि तोही वहीत लिहिला आहे.